काळ्या कातळाखालचा शोध : उपग्रहप्रतिमा, नकाशाप्रणाली आणि खनिज तेल

प्रस्तावना

खनिज तेल आणि नैसर्गिक वायू भूपृष्ठाखाली शेकडो ते हजारो मीटर खोल दडलेले असतात, तर उपग्रहावरील संवेदक जमिनीची केवळ वरची त्वचाच पाहू शकतात. या दोन वस्तुस्थितींमधील अंतर कोणत्या पुराव्यांच्या आणि तर्काच्या आधारे ओलांडता येते, हा प्रस्तुत पुस्तकाच्या विषयाचा मूळ प्रश्न आहे. उपग्रहाला तेल दिसते हा समज जितका चुकीचा आहे, तितकाच उपग्रहप्रतिमेचा तेलशोधाशी संबंध नाही हा समजही चुकीचा आहे. प्रतिमा आणि नकाशाप्रणाली ही साधने शोधाचे क्षेत्र आवळत नेतात, कोणत्या ठिकाणी महागडे सर्वेक्षण करणे योग्य ठरेल ते सुचवतात आणि एका विहिरीवर होणारा प्रचंड खर्च करण्यापूर्वी विचारायला हवेत ते प्रश्न नेमके करतात.

हा प्रश्न समजण्यासाठी तेलसाठा कसा तयार होतो हे आधी ध्यानात घ्यावे लागते. सूक्ष्म जीवांचे व वनस्पतींचे अवशेष ज्या बारीक कणांच्या गाळात गाडले जातात, त्या स्रोत खडकात पुरेशा तापमानाला तेल किंवा वायू निर्माण होतो. तो सच्छिद्र अशा साठवण खडकात, म्हणजे वालुकाश्मात किंवा चुनखडकात, सरकतो आणि वर अभेद्य आच्छादक खडक असेल तरच तेथे अडकून राहतो. थरांची वर उचललेली कमानीसारखी घडी, म्हणजे अपनती, किंवा खडक तुटून एक बाजू सरकल्याने झालेला भ्रंश, अशा रचनांमुळे ही अडवणूक घडते आणि त्या रचनेला सापळा म्हणतात. स्रोत, साठवण, आच्छादन, सापळा आणि या सर्वांचा काळाच्या दृष्टीने जुळून आलेला क्रम यांना एकत्रितपणे तेलप्रणाली म्हणतात. यांपैकी एकही घटक नसेल तर बाकीचे सारे असूनही विहीर कोरडी जाते, आणि म्हणूनच तेलशोध हा मुळात अनेक अपुऱ्या पुराव्यांची जुळणी करण्याचा उद्योग आहे.

या जुळणीत दोन साधनांचा वाटा प्रस्तुत पुस्तक तपासते. पहिले साधन सुदूर संवेदनाचे आहे, म्हणजे वस्तूला स्पर्श न करता तिच्याकडून परावर्तित किंवा उत्सर्जित होणाऱ्या किरणांवरून तिची माहिती मिळवण्याचे. दुसरे साधन भौगोलिक माहिती प्रणालीचे, म्हणजेच जीआयएसचे. तिच्यात प्रत्येक माहितीला पृथ्वीवरील निश्चित स्थान देऊन अनेक थर एकमेकांवर ठेवता येतात आणि त्यांच्यातील संबंध मोजता येतात. पहिले साधन निरीक्षण पुरवते, दुसरे त्या निरीक्षणाला इतर पुराव्यांच्या शेजारी बसवते. दोन्ही साधने एकत्र वापरली नाहीत तर प्रतिमा केवळ देखणे चित्र उरते आणि नकाशा केवळ नोंदवही.

या विद्येची मुळे उपग्रहांच्या आधीची आहेत. विमानातून घेतलेल्या छायाचित्रांच्या जोड्या त्रिमितीदर्शकातून पाहून थरांचा कल, नद्यांची वळणे आणि टेकड्यांची रचना टिपण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच तेलशोधात रुळली होती. भारतात या शिक्षणाचा पाया १९६६ मध्ये डेहराडून येथे स्थापन झालेल्या भारतीय छायाचित्र-निर्वचन संस्थेने घातला आणि तीच आजची भारतीय सुदूर संवेदन संस्था होय. २३ जुलै १९७२ रोजी अमेरिकेने पहिला लँडसॅट उपग्रह सोडला, तेव्हा एका प्रतिमेत १८५ किलोमीटर रुंदीचा प्रदेश भूवैज्ञानिकांसमोर आला आणि वर्षानुवर्षे तुकड्यातुकड्यांनी नकाशित केलेल्या रचना प्रथमच सलग दिसल्या. भारताने १९७९ मध्ये भास्कर-१ हा प्रायोगिक उपग्रह आणि १७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए हा नियमित सेवेचा उपग्रह सोडला. पुढे १९९५ च्या आयआरएस-१सीने ५.८ मीटर आणि २००५ च्या कार्टोसॅट-१ने २.५ मीटर इतकी बारीक दृष्टी दिली. कार्टोसॅट-१च्या जोडप्रतिमांतून जमिनीच्या उंचसखलपणाचे अंकीय प्रारूपही तयार करता आले.

या वाटचालीत काही विचारसरणी घडल्या आणि त्यांच्यातील मतभेद समजून घेतल्याशिवाय हे क्षेत्र समजत नाही. पहिली सरणी रचनावादी आहे. भूपृष्ठावर सरळ किंवा हलक्या वळणाने धावणाऱ्या दऱ्या, नद्यांचे प्रवाह, कड्यांच्या ओळी यांना रेषाकृती म्हणतात आणि त्या खालच्या भ्रंशांच्या खुणा असू शकतात, अशी तिची धारणा आहे. जेथे गाळाचे खडक उघडे पडलेले आहेत तेथे ही पद्धत उत्तम चालते. कच्छमधील जुरासिक काळाच्या थरांचे घुमट उपग्रहप्रतिमेत इतके स्पष्ट दिसतात की भूरचनाशास्त्राचे विद्यार्थी तेथे प्रतिमावाचनाचा पहिला पाठ घेऊ शकतात. परंतु सत्तरच्या दशकात प्रत्येक रेषेला भ्रंश मानण्याचा उत्साह इतका वाढला की रस्ते, कालवे आणि शेतांचे बांधही रेषाकृतींच्या यादीत शिरले. रेषा काढणे सोपे आणि ती सिद्ध करणे कठीण, हा धडा या सरणीने किंमत मोजून शिकवला.

दुसरी सरणी वर्णपटाची. खोल साठ्यातून हायड्रोकार्बन अत्यल्प प्रमाणात वर झिरपत राहिल्यास वरच्या मातीतील व खडकातील रसायन बदलते, लाल खडकातील लोहाचे क्षपण होऊन त्याचा रंग फिका पडतो, काही ठिकाणी चिकणमातीची खनिजे व कार्बोनेटे वाढतात आणि झाडांवर ताण येतो, असे या सरणीचे प्रतिपादन आहे. ओक्लाहोमातील सीमेंट या तेलक्षेत्रावरील अशा रंगबदलाचा अभ्यास १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो या विचाराचा आधारस्तंभ ठरला. खनिजे ओळखण्यासाठी डोळ्यांना न दिसणाऱ्या लघुतरंग अवरक्त किरणांचा पट्टा आवश्यक असतो. लँडसॅट-४वर १९८२ मध्ये असा एक पट्टा भूवैज्ञानिकांच्या आग्रहामुळेच वाढवण्यात आला, आणि १९९९ मध्ये गेलेल्या अ‍ॅस्टर संवेदकाने असे अनेक पट्टे दिले. मात्र रंग फिका पडण्याची आणि झाडे खुरटण्याची कारणे डझनभर असतात, त्यामुळे वर्णपटातील खूण हा पुरावा नसून केवळ सूचना असते, हे या सरणीतील गंभीर अभ्यासकांनी कधीच नाकारलेले नाही.

तिसरी सरणी समुद्राची आणि रडारची. समुद्रतळातून झिरपलेले तेल पृष्ठभागावर पातळ पापुद्र्यासारखे पसरले की बारीक लाटा दबतात आणि रडारप्रतिमेत तो भाग काळसर दिसतो. रडार ढगांतून आणि अंधारातूनही पाहू शकत असल्याने ही पद्धत समुद्रात विशेष उपयोगी ठरली. मेक्सिकोतील कांतारेल हे विशाल तेलक्षेत्र ज्याच्या नावाने ओळखले जाते त्या मच्छीमाराने १९६१ मध्ये समुद्रावर असाच तवंग पाहिला होता आणि रडार-उपग्रहांनी तेच निरीक्षण संपूर्ण महासागरांवर शक्य केले. वारा फार मंद किंवा फार जोराचा असेल तर ही पद्धत निकामी होते आणि जहाजांनी सोडलेले तेलही तसेच काळे दिसते. पावसाळ्याच्या तोंडावर गोव्याच्या किनाऱ्यावर येणाऱ्या डांबरी गोळ्यांचे मूळ शोधताना प्रतिमेला रासायनिक ठशांची जोड द्यावी लागते, ती याचमुळे. याच कुटुंबातील आणखी एक पद्धत उपग्रहाच्या उंचीमापकाची आहे. समुद्राच्या पृष्ठभागाची उंची अतिशय काटेकोरपणे मोजून त्याखालच्या गुरुत्वाकर्षणातील फरक काढता येतात आणि त्यांवरून समुद्रतळाखालील द्रोणींची रूपरेखा मिळते. १९९५ मध्ये अमेरिकी नौदलाच्या जिओसॅट उपग्रहाची गोपनीय मोजमापे खुली झाल्यावर जगातील समुद्रांचा असा नकाशा सर्वांना उपलब्ध झाला.

चौथी सरणी एकत्रीकरणाची, आणि प्रस्तुत पुस्तक तिच्या सर्वांत जवळचे आहे. साठच्या दशकात कॅनडात रॉजर टॉमलिन्सन यांनी जमिनीच्या नोंदींसाठी उभारलेल्या संगणकीय प्रणालीपासून जीआयएसचा इतिहास मोजला जातो. तेलशोधात तिचा खरा उपयोग तेलप्रणालीच्या प्रत्येक घटकासाठी स्वतंत्र नकाशा तयार करून त्या नकाशांचा छेद घेण्यात आहे, म्हणजे स्रोत खडक कोठे पिकला असेल, साठवण खडक कोठे चांगला असेल, आच्छादन कोठे अखंड असेल, हे वेगवेगळे मांडून जेथे सर्व शक्यता एकत्र येतात तो भाग अधोरेखित करण्यात. या सरणीतही दोन पंथ आहेत. एक पंथ अनुभवी भूवैज्ञानिकाच्या निर्णयाने प्रत्येक थराला महत्त्व देतो, तर दुसरा ज्ञात तेलविहिरींच्या आकडेवारीवरून ते महत्त्व संख्याशास्त्राने काढतो. जेथे विहिरी पुष्कळ आहेत तेथे दुसरा मार्ग भक्कम असतो, जेथे विहिरी नाहीत तेथे पहिल्याशिवाय गत्यंतर नसते, आणि महाराष्ट्राची भूमी विहिरी नसलेल्या या प्रकारात मोडते.

मराठी वाचकासाठी तेलाचे नाव मुंबई हायशी जोडलेले आहे आणि ते योग्यच आहे. साठच्या दशकातील रशियन-भारतीय भूकंपलहरी सर्वेक्षणांतून अरबी समुद्रातील ही रचना लक्षात आली. कृत्रिम कंपनलहरी जमिनीत सोडून त्यांच्या परावर्तनांवरून खालचे थर रेखाटणे, हे या सर्वेक्षणाचे तत्त्व. फेब्रुवारी १९७४ मध्ये सागर सम्राट या समुद्री वेधनयंत्राने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर तेल गाठले आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. या यशात उपग्रहप्रतिमेचा वाटा नव्हता, कारण पहिला लँडसॅट तेव्हा जेमतेम दीड वर्षाचा होता आणि समुद्राखालची रचना त्याला दिसणारही नव्हती. हे स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे, कारण नव्या तंत्राचे महत्त्व पटवण्यासाठी जुन्या तंत्राचे श्रेय त्याच्या नावे लिहिण्याचा मोह या विषयावरील लेखनात वारंवार आढळतो. भूकंपलहरी सर्वेक्षण हा आजही तेलशोधाचा कणा आहे आणि उपग्रह त्याची जागा घेत नाही, तर ते कोठे करावे हे ठरवण्यास मदत करतो.

खरी कसोटी किनाऱ्याच्या अलीकडे, दख्खनच्या पठारावर लागते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी उसळलेल्या लाव्हाचे थर आजही जवळपास ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापून आहेत. हा काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, खालच्या सगळ्या इतिहासावर झाकण घालतो, आणि उपग्रहाला जे दिसते ते या झाकणाचे वरचे रूप असते. भूकंपलहरींनाही बेसाल्ट सहज वाट देत नाही. त्यांची ऊर्जा त्याच्या कठीण आणि विषम थरांत विखुरते, वारंवार परावर्तित होते आणि खालच्या गाळाच्या खडकांची प्रतिमा धूसर करते. म्हणून येथे गुरुत्वमापन, चुंबकमापन आणि पृथ्वीच्या नैसर्गिक विद्युत-चुंबकीय लहरींवर आधारित मापन यांना एकत्र आणावे लागते. राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेसह अनेकांच्या अशा अभ्यासांनी नर्मदा-तापी पट्ट्यात, खानदेशाच्या उत्तर भागासह, बेसाल्टखाली मध्यजीव महाकल्पातील गाळाचे थर असल्याचे निष्कर्ष काढले आहेत. गुजरातेत पादरा येथे तर भेगाळलेल्या बेसाल्टमधूनच तेल मिळाले आहे. देशातील २६ गाळाच्या द्रोणींच्या सरकारी वर्गीकरणात दख्खनची द्रोणी आणि भीमा-कलादगी द्रोणी तिसऱ्या वर्गात आहेत, म्हणजे तेथे शक्यता मांडलेली आहे, सिद्ध झालेली नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातील पेठ वडगाव आणि त्याचा परिसर या पुस्तकात पुन्हा पुन्हा येतो, तो तेथे तेल आहे असे सुचवण्यासाठी नव्हे. वारणा आणि पंचगंगा यांच्या दरम्यानचा हा टापू प्रतिमावाचनातील बहुतेक सर्व अडचणी एका ठिकाणी दाखवतो, म्हणून तो येथे अभ्यासक्षेत्र आहे. पश्चिमेला पन्हाळ्याच्या डोंगरमाथ्यावर जांभ्याचा थर आहे आणि जांभ्यातील लोह व चिकणमातीची खनिजे वर्णपटात नेमकी तीच खूण देतात जी दुसरीकडे हायड्रोकार्बनच्या झिरपणीची मानली जाते. नदीकाठच्या काळ्या जमिनीवर बारमाही ऊस उभा असल्याने खडक दिसतच नाही, आणि पिकावरील ताण पाण्याच्या पाळीमुळे आहे, क्षारामुळे की अन्य कशामुळे, हे प्रतिमा एकटी सांगू शकत नाही. जिल्ह्याच्या दक्षिण भागात कलादगीचे प्राचीन गाळाचे खडक बेसाल्टखालून डोके काढतात, पण ते वडगावच्या खाली कितपत पसरलेले आहेत हे भूपृष्ठावरून ठरत नाही.

अशा ठिकाणी अनुमानाला छिद्रवेधनाने कसे उत्तर मिळते याचे उदाहरणही जवळच आहे. १९७३ मध्ये गुरुत्वमापनाच्या आधारे दख्खनच्या कातळाखाली कोयना आणि कुर्डुवाडी अशा दोन खचदऱ्या असाव्यात, असे मत मांडले गेले, आणि खचदरी म्हटली की तीत गाळ साठलेला असण्याची आशा निर्माण होते. पुढे १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी येथे घेतलेल्या छिद्रात सुमारे ३४० मीटर बेसाल्टखाली गाळाचा केवळ काही मीटरचा थर आणि त्याखाली प्राचीन स्फटिकी खडक मिळाला. कराड येथील प्रयोगशाळेच्या देखरेखीखाली कोयना भागात भूकंपांच्या अभ्यासासाठी घेतलेल्या ३ किलोमीटर खोल छिद्रात सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट ओलांडल्यावर थेट ग्रॅनाइटी पायाच लागला. ही छिद्रे तेलासाठी नव्हती, तरीही त्यांनी तेलशोधाला दिलेले उत्तर अमूल्य आहे, कारण एखाद्या ठिकाणी गाळाची द्रोणी नाही हे कळणे हे देखील ज्ञानच असते आणि ते नकाशावर नोंदवले गेले नाही तर पुढची पिढी तीच आशा पुन्हा विकत घेते.

नकाशाप्रणालीची शिस्त येथेच कामी येते. जुने भारतीय स्थलदर्शक नकाशे एव्हरेस्ट या लंबगोलाच्या मापांवर आधारलेले आहेत, तर उपग्रहप्रतिमा डब्ल्यूजीएस-८४ या जागतिक संदर्भावर. हा फरक न सुधारता दोन्ही थर एकमेकांवर ठेवले तर विहिरीची किंवा भ्रंशाची जागा शंभर मीटरच्या आसपास सरकू शकते. महाराष्ट्राचा पश्चिम भाग नकाशाप्रक्षेपाच्या ४३ व्या आणि नागपूरचा भाग ४४ व्या पट्ट्यात येत असल्याने राज्यव्यापी काम करणाऱ्याला ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. शिवाय दहा मीटरच्या प्रतिमेवर दोनशे मीटरवर विखुरलेल्या गुरुत्वमापनांचा थर पसरला की पडद्यावर सर्व काही सारखेच नेमके भासते. प्रत्येक थराबरोबर त्याची अनिश्चितता लिहून ठेवणे, हे या कारणाने केवळ तांत्रिक सौजन्य नसून अभ्यासकाची नैतिक जबाबदारी ठरते.

हा विषय आज मराठीत येणे का आवश्यक आहे, याची कारणे ठोस आहेत. भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो. २०१६ च्या नव्या परवाना धोरणाने कंपन्यांना शोधाची क्षेत्रे स्वतः निवडण्याची मुभा दिली, त्याच वर्षी कमी अभ्यासलेल्या द्रोणींसाठी सुमारे ४८ हजार रेषीय किलोमीटर भूकंपलहरी सर्वेक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि २०१७ मध्ये राष्ट्रीय विदा भांडार उघडले. युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांच्या प्रतिमा विनामूल्य मिळतात, इस्रोचे भुवन संकेतस्थळ २००९ पासून उपलब्ध आहे, क्यूजीआयएससारखी मुक्त संगणकप्रणाली कोणत्याही महाविद्यालयाच्या साध्या संगणकावर चालते आणि २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भूस्थानिक माहितीवरील बहुतेक निर्बंध दूर केले. जुलै २०२५ मध्ये अवकाशात गेलेला निसार हा भारत-अमेरिकेचा रडार-उपग्रह दर बारा दिवसांनी जमिनीची सेंटिमीटरच्याही आतली हालचाल मोजण्याच्या क्षमतेचा आहे. एकेकाळी मोजक्या संस्थांपुरती असलेली साधने आता तालुक्याच्या गावी पोहोचली आहेत, पण ती वापरण्याची विचारपद्धती सांगणारे मराठी साहित्य त्यांच्याबरोबर पोहोचलेले नाही.

दुसरे कारण तेलाच्या पलीकडचे आहे. तेलक्षेत्रातील वायुगळती आणि जळत्या ज्योती आता उपग्रहांवरून मोजल्या जातात आणि उपशामुळे खचणारी जमीन रडार दाखवते, म्हणजे जे साधन साठा शोधते तेच त्या साठ्याच्या वापराचे परिणामही उघड करते. आइसलँडमध्ये २०१२ पासून बेसाल्टमध्ये सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचे खनिजात रूपांतर झाल्याचे प्रयोगाने दाखवल्यापासून दख्खनच्या कातळाकडेही त्या दृष्टीने पाहिले जाऊ लागले आहे. बेसाल्टमधील भूजल शोधताना, दरडींचा धोका आखताना किंवा दाभोळहून गोकाकमार्गे बंगळूरकडे जाणाऱ्या वायुवाहिनीसारख्या मार्गांचा विचार करताना रेषाकृती, उतार आणि खडक यांचे हेच वाचन लागते. वडगावच्या परिसरातील विद्यार्थ्याला तेलकंपनीत नोकरी मिळो वा न मिळो, त्याच्या गावाच्या बोअरला पाणी का लागत नाही हे समजण्यासाठी ही विद्या त्याच्या उपयोगाची आहे.

प्रस्तुत पुस्तकाचा प्रयत्न मर्यादित पण निश्चित आहे. ते कोणत्याही एका संगणकप्रणालीची बटणे शिकवत नाही, कारण प्रणाली बदलतात. प्रतिमेतील खुणेपासून भूवैज्ञानिक विधानापर्यंत आणि त्या विधानापासून तपासणीपर्यंत जाण्याची रीत ते शिकवू पाहते. ते समुद्रातील, गाळाच्या मैदानातील आणि बेसाल्टच्या प्रदेशातील उदाहरणे शेजारी ठेवते, जेणेकरून एका ठिकाणी यशस्वी ठरलेली पद्धत दुसरीकडे का फसते हे वाचकाला स्वतःच दिसावे. यशाइतकेच अपयशाला स्थान देणे हे या पुस्तकाचे धोरण आहे, कारण कोरड्या विहिरींशिवाय तेलशोधाचा कोणताही प्रामाणिक नकाशा पूर्ण होत नाही. परिभाषेच्या बाबतीत रुळलेले मराठी शब्द वापरले आहेत आणि जेथे क्षेत्रात काम करणारे लोक इंग्रजीच शब्द बोलतात तेथे तोच देवनागरीत ठेवला आहे.

या पुस्तकाच्या वाचकाला एकच आग्रहाची विनंती करावीशी वाटते. यातील प्रत्येक पद्धत आपल्या तालुक्याच्या प्रतिमेवर करून पाहावी, काढलेली प्रत्येक रेषा प्रत्यक्ष शिवारात जाऊन खडकाशी ताडून घ्यावी आणि जी रेषा खोटी ठरेल ती पुसताना तिचे कारणही नकाशाच्या कडेला लिहून ठेवावे. दख्खनच्या कातळाखाली काय आहे हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही, आणि तो सोडवण्याचे काम या कातळावर राहणाऱ्या माणसांनीच अंगावर घ्यायला हवे.